चांगला दाणा दिसत नाही

१

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, आणि त्यानंतर पोत्यांवर खुणा करण्यापलीकडे फारसं लिहिलं नाही. शब्दही साधेच आहेत. जे झालं ते झालं तसं सांगतो. जिथं मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही, तिथं तेही सांगतो.

दोन हजार दहाचा धानाचा हंगाम होता. गोंदियाजवळ कुडव्याच्या पुढे टेकचंद सेठची राईस मिल आहे, तिथं मी सॉर्टरवर होतो. पॉलिश झालेला तांदूळ वर चढतो आणि उतरत्या पन्हाळ्यांवरून एखादा पडदा सोडावा तसा खाली येतो. पडतानाच त्याच्यावर उजेड असतो आणि समोर कॅमेरा. काळा, पिवळा दाणा दिसला की हवेची बारीक नळी फुस्स करते आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. दिवसभर हा फुसफुस आवाज ऐकायचा, काचा पुसायच्या, हवेचा दाब पाहायचा, हे माझं काम.

सेठनं मशीन जुनी घेतली होती. तिचे डोळे गेलेले. दिव्यांच्या नळ्या टोकाला काळ्या पडलेल्या, आणि कॅमेरे कधी चांगला दाणा उडवायचे, कधी खडाही सोडायचे. म्हणून पडवीत बाया बसून तोच तांदूळ पुन्हा हातानं निवडायच्या. त्यांच्या मुख्य निर्मलाबाई. त्यांची भाची खुशबू चोरखमारा गावाकडची, त्या हंगामात मावशीकडे राहायला आलेली.

निर्मलाबाई माझ्या आईला म्हणाल्या होत्या, "पोरगं सरळ हाय तुमचं. हंगाम होऊ द्या, मंग बसून बोलू." तेवढंच. पण त्यानंतर खुशबू रोज सकाळी फाटकातून आत आली की माझ्याकडे पाहून "जय भीम" म्हणायची आणि मी "जय भीम" म्हणायचो. यापुढे आम्ही बोलल्याचं मला आठवत नाही. मला पुढचं सुचायचंच नाही. ती बसायची त्या जागी थंड फरशी लागू नये म्हणून मी आधीच रिकामं पोतं घडी करून ठेवत असे. ते कोण ठेवतो, हे तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

मग विवेक आला.

२

विवेक नागपूरचा. मशीनला नवे कॅमेरे आणि नवे दिवे निवडून बसवायला सेठनं त्याला बोलावलं होतं. माझ्याच वयाचा, पण डिप्लोमा झालेला. सगळ्यांशी बोलायचा. हमालांशी हिंदी, सेठशी हिंदी, बायांशी मराठी, आणि सगळे हसायचे. मी चार वर्षं तिथं होतो, माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याचं मला माहीत नाही.

त्यानं दोन पेट्या उघडल्या. एकीत दोन तऱ्हेचे कॅमेरे. एक रंगीत पाहणारा, पण सावकाश. दुसऱ्याला रंग कळत नव्हता, फक्त उजळ आणि काळपट एवढंच. पण तो दाणा पडता पडता टिपायचा. दुसऱ्या पेटीत दिवे. पांढऱ्या नळ्या, आणि एलईडीच्या निळसर पट्ट्या.

"निळ्यात पिवळा दाणा काळा पडतो, भाऊ," तो मला म्हणाला. "मग रंगाची गरजच काय? हा काळा-पांढरा कॅमेरा आणि ही निळी लाईट. बघाच तुम्ही."

दाण्यांच्या मागे एक पट्टी असते. तिचा उजेड कमी-जास्त करता येतो. तो उजेड चांगल्या दाण्याशी तंतोतंत जुळवायचा असतो. त्यानं बटण हळूहळू फिरवलं आणि कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर पडत असलेला तांदूळ विरत विरत नाहीसा झाला. पन्हाळ्यावरून पोत्यांनी तांदूळ पडत होता, त्याचा आवाज कानात होता, आणि पडद्यावर काहीच नाही. रिकामी करडी जागा. मधूनच एखादा काळा ठिपका खाली जायचा.

"हेच पाहिजे," विवेक म्हणाला. "चांगला दाणा दिसायलाच नको. दिसला म्हणजे तो वाईट."

मला ते आवडलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सेठ पाहायला आला, तेव्हा त्या दिव्यात माल इतका साफ निघाला की त्यानं मूठभर तांदूळ हातात घेऊन दोनदा उन्हात नेला. "पर पक्का बादमें करेंगे," तो म्हणाला. "थोडे दिन चला के देखो."

मशीनला शिकवायला विवेकला एक माणूस हवा होता. पडद्यावर दाणे थांबवायचे आणि त्या माणसानं सांगायचं, हा टाक, हा राहू दे. "सगळ्यात तेज नजर कोणाची?" त्यानं पडवीत येऊन विचारलं.

"आमच्या खुशबूची," निर्मलाबाई म्हणाल्या. अभिमानानंच म्हणाल्या.

३

सॉर्टरला बाहेरचा उजेड लागू नये म्हणून त्याच्याभोवती काळा पडदा लावून खोली केली होती. आत स्टूल, टीव्हीसारखा पडदा असलेलं यंत्र आणि दिव्यांसमोरची काच. विवेक आणि खुशबू आत. मी बाहेर, कॉम्प्रेसरजवळ.

कॉम्प्रेसर चालू असला की काही ऐकू यायचं नाही. तो मध्येच आपोआप बंद व्हायचा, आणि तेवढ्या शांततेत आतून तिचं हसणं यायचं. मी त्या शांततेची वाट पाहायचो आणि ती आली की मला ती नको व्हायची. पडद्याच्या खालून निळा उजेड फरशीवर यायचा. त्यात त्याचे बूट आणि तिच्या चपला दिसायच्या. मधलं अंतर मी रोज पाहायचो.

हमालांचा मुकादम खेमराज एकदा पोतं उतरवून माझ्याशेजारी टेकला. "काय गा संघदीप, काचा पुसून राहिला का जळून राहिला?"

"काही नाही."

"अबे, तुही बायको होणार हाय ते. आत जाऊन बस न. का त्या पोट्ट्याले विचारून जाशील?"

बाया हसल्या. मी काच पुसत राहिलो.

त्याच आठवड्यात पहिली गोष्ट झाली. जेवणानंतर खुशबू थोडा वेळ पडवीत निवडायला बसली. समोर सूप भरलेलं. तिनं दोन-तीन काळे दाणे काढले आणि हात झटकून म्हणाली, "मावशी, माल संपला वं. दे न आणखी."

निर्मलाबाईंनी सुपाकडे पाहिलं. "हे काय हाय मंग?"

"काय?"

"सूप भरून हाय न पोट्टी!"

खुशबूनं सुपात हात घातला. बोटांना तांदूळ लागला तशी ती दचकली. मग हसली. "निळ्या लाईटीत बसून बसून डोळे गेले माहे."

बायाही हसल्या. "बह्याड झाली पोट्टी," कोणी चेष्टेनं म्हणालं. मलाही तिचं कारण पटलं. उजेडातून अंधारात आलं की आपल्यालाही क्षणभर काही दिसत नाही, तसंच हे. पण ती त्या खोलीतून थेट आली नव्हती. ती जेवून, उन्हात हात धुऊन आली होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकातून आली. मी नेहमीच्या जागी उभा होतो. ती माझ्यासमोरून गेली. "जय भीम" नाही, मान वळवणं नाही.

मला वाटलं, झालं. मन बदललं तिचं. नागपूरच्या पोरापुढे मी कोण?

दुपारी मी पाण्याची बाटली घेऊन दारातून येत होतो आणि ती बाहेर जात होती. ती सरळ चालत आली आणि मला धडकली. पाणी सांडलं. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. माझ्या छातीकडे पाहत होती, म्हणजे माझ्यामागच्या अंगणाकडे.

"लागलं का?" मी विचारलं. एवढे दिवस न सुचलेलं बोलणं पटकन निघालं.

तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कोण बोललं?"

"मी. संघदीप."

"कुठं हायस?" ती म्हणाली आणि भिंतीपलीकडच्या गोदामाकडे पाहू लागली.

एवढ्यात आतून विवेक आला. "काय झालं खुशबूजी?" त्याच्याकडे तिची मान लगेच वळली. सुटल्यासारखं तिनं त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या हातातून सुटलेला पतंग पुन्हा सापडावा, तसं.

मी ओल्या शर्टानं तिथंच उभा होतो. रागानं माझे कान तापले होते. एखाद्याला असं भरल्या घरात नसल्यासारखं करतात का? त्यावेळी मला फक्त एवढंच वाटलं, की हे सगळं ती मुद्दाम करते आहे, आणि तिला हे त्यानं शिकवलं आहे. राग आला की सोपं असतं. खरं तर तिचा चेहरा मुद्दाम करणाऱ्याचा नव्हता.

५

विवेकनं मला आत बोलावलं. दुसरा कॅमेरा बसवायचा होता आणि त्याला पट्टीचा उजेड जुळवून पाहायचा होता. त्यानं आपला हात दिव्यासमोर धरला. पडद्यावर काळा हात आला, बोटातल्या अंगठीसकट.

"आता तुमचा धरा."

मी धरला. पडदा रिकामा.

"नीट धरा न भाऊ."

मी काचेला बोटं टेकवली. निळा उजेड माझ्या नखांवर पडलेला मला समोर दिसत होता. पडद्यावर करडी जागा. काही नाही.

"कनेक्शन ढिलं असेल," विवेक म्हणाला. वायर दाबली. आपला हात धरला, काळा हात आला. "आता तुमचा." रिकामं. त्यानं दोन्ही हात एकदम धरायला सांगितले. पडद्यावर एकच हात होता, त्याचा.

माझा हात त्याच्यापेक्षा सावळा आहे. त्यानंच सांगितलं होतं, निळ्या उजेडात पांढरं नाही ते काळपट दिसतं. तर मग माझा हात आधी दिसायला हवा होता.

तो हसला. "तुमचा हात तर एकदम ए-वन माल निघाला, भाऊ!"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या खोलीत, जिथं ते दोघं रोज बसायचे, तिथं मशीननंच सांगितलं होतं, हा चांगला आणि तो वाईट. संध्याकाळी सायकलवर घरी जाताना मी ते मनात घोळवत होतो. रेल्वे फाटकाशी थांबलो, मालगाडी जात होती, डब्यांमधून पलीकडची माणसं दिसत होती आणि जात होती. आणि मग माझ्या डोक्यात ते जुळलं.

सुपातला तांदूळ चांगला होता. तो तिला दिसला नाही.

गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे लोक घंटी वाजवत होते. मी स्वतःला म्हटलं, तुला ती पाहिजे म्हणून तू असलं काहीतरी जुळवतो आहेस. हेवा करणाऱ्या माणसाला स्वतःचा चांगुलपणा सगळीकडे दिसतो. मी असंच समजायचं ठरवलं.

६

निर्मलाबाई तिला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरनं अक्षरं वाचायला लावली, तिनं सगळी वाचली. डोळे चांगले आहेत म्हणाला.

दोन दिवसांनी पडवीत मी खांबाला टेकून डबा खात होतो. खुशबू आणि निर्मलाबाई माझ्यापासून हातभर अंतरावर. खुशबूला मी दिसत नव्हतो, त्यामुळे मला तिचं असं बोलणं ऐकू यायचं, जे ती माझ्यासमोर कधी बोलली नसती.

"मावशी, कुडव्यात माणसं कमी झाली का वं?"

"कायले कमी होतील?"

"नाई, येताना रस्ता खाली खाली दिसते. पहिले किती लोक राहायचे. सेठ मात्र मले बरोबर दिसते. दुरूनच दिसते."

निर्मलाबाई हसल्या. "सेठ तर साऱ्यांनाच दिसते माय!"

खुशबू हसली नाही. म्हणाली, "संघदीपनं काम सोडलं का वं? त्याचा आवाज येते कवा कवा. माणूस दिसत नाई. पोतं मात्र रोज घडी करून राहते."

म्हणजे तिला माहीत होतं. निर्मलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातली पोळी खाली ठेवली. त्या उठल्या, खुशबूच्या समोर जाऊन बसल्या, तिची हनुवटी धरली. "माह्याकडे पाह्य."

खुशबूची नजर मावशीच्या डोक्यावरून भिंतीकडे गेली. तिथं कॅलेंडर होतं. "मावशी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला, "तू आता इथं बसली होतीस न? कुठं गेली?"

निर्मलाबाईंचा हात तिच्या हनुवटीला होता.

त्या पडवीत बाकीच्या बाया जेवत होत्या, बोलत होत्या, पण एकेक करून गप्प झाल्या. कॉम्प्रेसरही बंद झाला. तेवढ्यात काळ्या पडद्याच्या आतून विवेकनं हाक मारली, "खुशबूजी, चला." ती उठली आणि त्या आवाजाकडे गेली. ती अशी घाईनं गेली, जशी रात्री लाईट गेल्यावर माणसं कंदिलाकडे जातात. त्या अख्ख्या मिलमध्ये तिला दिसत असलेली माणसं आता दोन-तीनच उरली होती, आणि त्यात तो होता.

मला निर्मलाबाईंची काळजी वाटायला हवी होती. मला वाटत होतं ते हे, की ती घाई माझ्यासाठी नव्हती.

७

ही गोष्ट विवेकच्या लक्षात आली नव्हती असं नाही. एका दुपारी तो कॉम्प्रेसरजवळ येऊन माझ्याशेजारी पोत्यावर बसला. हातात समोसे होते, मला एक दिला. तो पहिल्यासारखा हसत नव्हता.

"संघदीप भाऊ, एक विचारू? ती तुम्हाला पाहत नाही न?"

मी मान हलवली.

"तिच्या मावशीला पण नाही. मला मात्र पाहते. मला आधी वाटलं..." तो थांबला. काय वाटलं ते मला माहीत होतं. "मग तुमचा हात आठवला. आणि माझा. रात्रभर झोपलो नाही यार."

"वायर ढिली असेल," मी म्हणालो.

"नाही ढिली. ऐका. पहिल्या दिवशी सेठला जो माल दाखवला न, निळ्या लाईटमध्ये, तो मी आधीच हातानं निवडून आणला होता. सगळेच करतात. डेमोला असंच करतात. पण ते खोटंच आहे न?" त्यानं आपला हात उलटसुलट करून पाहिला. "मी उद्या सकाळी सेठला सांगून टाकतो. आणि या पट्ट्या काढतो. पांढऱ्या नळ्या बसवून देतो. माल थोडा कमी साफ निघेल. निघू दे. माझी नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. पोरीचे डोळे असे नाही घेता येत."

तेवढ्यात खुशबू पडद्यातून बाहेर आली. "विवेकभाऊ?" तिनं हाक मारली. आम्ही दोघं तिच्यासमोर होतो, चार पावलांवर. विवेक उठून उभा राहिला. "इथं आहे मी."

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पोत्यांकडे पाहिलं, कॉम्प्रेसरकडे पाहिलं, मग वर पत्र्यांकडे. "विवेकभाऊ, कुठं हाय तुम्ही? मजाक नका करू न." आणि मग ती भिंतीला हात लावत लावत चालू लागली. भरल्या मिलमधून. हमाल पाठीवर पोती घेऊन तिच्यासाठी बाजूला होत होते.

विवेक रडला. खरंच रडला. "उद्या सकाळी," तो म्हणाला. "सेठ आला की पहिले."

८

संध्याकाळी पाच वाजता मिल थांबली. बाया गेल्या. निर्मलाबाईंनी खुशबूचा हात धरून नेलं, ती आंधळ्यासारखी ओढली जात होती. विवेक पाना-पेचकस मशीनजवळ ठेवून गेला, सकाळी लगेच काम सुरू करता यावं म्हणून.

काचा पुसायच्या म्हणून मी मागे राहिलो. काळ्या पडद्याच्या आत गेलो आणि दिवे लावले. तांदूळ पडत नव्हता, हवा फुसफुसत नव्हती. दिव्यांचा बारीक आवाज होता फक्त, डास कानाशी यावा तसा.

मी स्टूलवर बसलो. ती बसायची त्याच. समोर हात धरला. पडदा रिकामा.

बरं, मी विचार केला. उद्या तो दिवे काढेल. मग तिला हळूहळू सगळे दिसू लागतील. मावशी दिसेल, रस्त्यावरची माणसं दिसतील, मीही दिसेन. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, की ती फाटकातून येते आहे आणि माझ्याकडे पाहते आहे. पण ते चित्र येईना. त्याऐवजी दुसरंच आलं. ती डोळे चोळते आहे, आणि समोर पाना हातात घेऊन विवेक उभा. ज्यानं नोकरी सोडून तिचे डोळे परत आणले, तो. ते ती जन्मभर विसरली नसती. मी तिथं कॉम्प्रेसरजवळ उभा असतो. दिसतोय, पण कोण पाहणार?

आणि जर दिवे राहिले तर?

मी तो विचार झटकून टाकला नाही. त्याला थोडं पुढे जाऊ दिलं. सेठला कोण आधी भेटेल, एवढंच तर होतं. विवेकनं जे मला सांगितलं तेच सांगायचं, आणि त्याच्या पुढे एक वाक्य जोडायचं. कोणतं वाक्य, तेही मला लगेच सुचलं. इतकी वर्षं न सुचणारा मी.

पडद्यावर काहीतरी हललं.

मी पाहिलं. करड्या जागेत पाच बारीक काळ्या चंद्रकोरी होत्या. नखं. माझा हात मी हलवला नव्हता. त्या चंद्रकोरींच्या मागून बोटांची टोकं वर येत होती, शाई कागदावर फुटत यावी तशी. पहिलं पेर. दुसरं. मी श्वास धरला तशी ती थांबली. मी मनातलं ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, आणि काळं तळव्यापर्यंत आलं.

घाम असेल. दिवे तापले असतील. काच मी अजून पुसली नव्हती. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि हात मागे घेतला.

पडद्यावरचा हात थोडा उशिरा मागे गेला.

९

दुसऱ्या दिवशी मी सेठच्या आधी ऑफिससमोर जाऊन उभा राहिलो. सेठ स्कूटरवरून उतरला. "क्या रे, आज इतनी सुबह?"

मी सांगितलं. पहिल्या दिवशीचा माल हातानं निवडलेला होता, विवेकनं मला स्वतःच सांगितलं. सेठच्या कपाळाची शीर उठली. मग मी जोडलेलं वाक्य म्हटलं. लाईट खरंच चांगली निघाली, म्हणून तो आज पट्ट्या काढून तिरोड्याच्या एका मिलला देणार आहे, आणि आपल्याला डोळ्यांचं काहीतरी निमित्त सांगेल.

माझा आवाज अजिबात कापला नाही.

सेठ आणि मी मशीनजवळ गेलो तेव्हा पेचकस विवेकच्या हातात होता आणि पहिला स्क्रू निघालेला होता. "सेठजी, मुझे कुछ बताना है," तो म्हणाला. "ये लाईट निकालनी पडेगी, उस लडकी की आँखें..."

"निकल," सेठ म्हणाला. "अभी के अभी निकल. चोर साला. लाईट को हाथ लगाया तो हाथ तोड दूँगा."

ओरडणं ऐकून खेमराज आणि हमाल गोळा झाले. पडवीतून बाया आल्या. विवेकनं सगळ्यांमधून माझ्याकडे पाहिलं. "संघदीप भाऊ, तुम्ही बोला न. तुम्हाला माहीत आहे."

मी फरशीकडे पाहत राहिलो. हमालांनी त्याला दंडाला धरून फाटकापर्यंत नेलं. सेठ माझ्याकडे वळला. "तू बोल, तू चलाता है. कौन सी लाईट रखने की?"

"निळी," मी म्हणालो.

त्यावेळी मला जाणवलं, कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे. मी मान वर केली. बायांच्या पुढे खुशबू उभी होती. तिची नजर भिंतीवर नव्हती, पत्र्यावर नव्हती. माझ्या तोंडावर होती. कदाचित आरडाओरड्यामुळे तिनं इकडे पाहिलं असेल. पण ती पाहतच राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"संघदीप," ती म्हणाली. "किती दिवसांनी दिसला तू."

निर्मलाबाई तिच्या अगदी शेजारी होत्या. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तिचं नाव घेत होत्या. खुशबूनं ओढणीवर बसलेला किडा झटकावा तसा तो खांदा झटकला आणि माझ्याकडे चालत आली, सरळ, कोणालाही न चुकवता, जणू मध्ये कोणीच नव्हतं.

मी तिला हाताला धरून काळ्या पडद्याच्या आत नेलं, स्टूलवर बसवलं, निघालेला स्क्रू परत घट्ट केला आणि मशीन चालू केली.